टीएमएओ वाढलेलं असेल तर नेमकं काय करायचं?

अनुबंध
नमुन्यादाखल एक रुग्ण घ्या: वय ५५, मानेच्या धमनीत सोनोग्राफीवर प्लाक (चरबीचा थर) दिसलेला, एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल १३०, आणि हृदयविकाराच्या धोक्याशी जोडलं जाणारं रक्तातलं टीएमएओ हे रसायन १४ मायक्रोमोल प्रति लिटर. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. टीएमएओ आतड्यातल्या जिवाणूंमुळे बनतं, इथवर ठाऊक आहे. पुढचं विचारायचंय. हा आकडा कितपत मनावर घ्यायचा? अंडी बंद करायला सांगायची का? आणि दोष जिवाणूंचाच असेल तर अँटिबायोटिक्सचा कोर्स देऊन काम का भागत नाही?

चयापचय
आधी आकड्याचं बघू. खाण्यातलं कोलीन (उदा. अंड्यांतलं) आणि कार्निटीन (लाल मांसातलं) लहान आतड्यात पूर्ण शोषलं गेलं नाही की ते पुढे जिवाणूंच्या हाती लागतं. त्यांतल्या काहींकडे हे रेणू तोडणारी विकरं (एन्झाइम्स) असतात. त्यातून ट्रायमिथाइलअमीन निघतं, ते रक्तातून यकृतात जातं, तिथे एफएमओ३ हे विकर त्याला ऑक्सिजन जोडतं आणि टीएमएओ तयार होतं. बाहेर पडतं ते मुख्यतः लघवीवाटे.

म्हणून १४ दिसल्यावर पहिल्यांदा क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारे रक्ततपासणीतले आकडे) बघा. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर टीएमएओ साचत जातं, मग जिवाणूंना बोल लावून उपयोग नाही. दुसरं, आदल्या दिवशी मासे खाल्ले होते का ते विचारा. समुद्री माशांत आयतंच टीएमएओ असतं. ते खाल्ल्यावर काही तासांत आकडा कैक पटींनी चढतो आणि मग उतरतो. दोन दिवस मासे टाळून, उपाशीपोटी नमुना पुन्हा द्यावा. एकाच अहवालावर काहीही ठरवू नये.

आता टीएमएओ हे कारण की नुसती खूण? क्लीव्हलँड क्लिनिकमधल्या स्टॅन्ली हेझन यांच्या गटाने २०११ मध्ये उंदरांवर दाखवलं की कोलीन आणि टीएमएओ दिल्यावर प्लाक वाढतो, आणि आतड्यातले जिवाणू अँटिबायोटिक्सने दडपले की कोलीनमुळे होणारी ही वाढ थांबते. २०१३ मध्ये त्याच गटाने ४,००७ रुग्णांचा ३ वर्षांचा पाठपुरावा मांडला. टीएमएओ सर्वांत जास्त असलेल्या चतुर्थांश रुग्णांना हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका सर्वांत कमी असलेल्या चतुर्थांशाच्या सुमारे अडीच पट होता. हा संबंध पक्का आहे. पण जनुकीय माहितीवरून कार्यकारणभाव तपासणाऱ्या अभ्यासांत टीएमएओचा हृदयधमनीच्या आजाराशी थेट धागा जुळला नाही. माझ्या मते हा आकडा इशारा म्हणून वाचावा, उपचाराचं लक्ष्य म्हणून नव्हे. लक्ष्य एलडीएलच. ते ३९ मिलिग्रॅमने उतरलं की अटॅक, पक्षाघातासारख्या गंभीर घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात. टीएमएओ उतरवून रुग्णांचे अटॅक टळल्याचा असा पुरावा नाही. प्लाक दिसलेला असताना १३० वर थांबणं चुकीचं आहे. स्टॅटिन या एलडीएल उतरवणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलणं आधी, बाकी सगळं नंतर.

अंड्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या लोकांवरच्या २०२१ च्या छोट्या प्रयोगात रोज ४ उकडलेली अंडी ४ आठवडे खाऊनही उपाशीपोटीचं टीएमएओ वाढलं नाही. कोलीन बायटार्ट्रेटच्या गोळ्यांनी मात्र ते चांगलंच वाढलं. तेव्हा 'स्मरणशक्तीसाठी' म्हणून घेतल्या जाणाऱ्या कोलीनच्या गोळ्या आणि व्यायाम करणाऱ्यांची कार्निटीनची पावडर, हे दोन्ही आवर्जून विचारा आणि आधी ते बंद करा. लाल मांसाचं प्रमाणही महत्त्वाचं. २०१९ च्या एका चाचणीत महिनाभर ते भरपूर खाल्ल्यावर टीएमएओ सरासरी तिपटीच्या आसपास गेलं, आणि बंद केल्यावर महिनाभरात खाली आलं.

दंतमूळ
हिरड्यांतून रक्त येतं हे वाक्य माझ्या दृष्टीने टीएमएओपेक्षा महत्त्वाचं. दात आणि हिरडीमधली खाच प्रोबने (खुणा असलेल्या बारीक सळईने) मोजून घ्या. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४ किंवा त्याहून जास्त आणि शिवाय प्रोब लावताच रक्त, तर आजार चालू आहे असं धरा. सगळ्या दातांना लागण झालेली असेल तर या खाचांच्या आतला सुजलेला भाग मिळून ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो, असा अंदाज आहे. तिथली त्वचा फाटलेली असते. साधं चावलं, ब्रश केला तरी पोर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिससारखे जिवाणू आणि त्यांच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन हे विष रक्तात शिरतं. त्याला उत्तर म्हणून यकृत सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढवतं आणि धमनीचं अस्तर चिकट होतं, पांढऱ्या पेशी त्याला धरून राहतात. धमनीतून काढलेल्या प्लाकमध्ये तोंडातल्या जिवाणूंचा डीएनए वारंवार सापडला आहे, पण नुसता डीएनए सापडणं म्हणजे त्यांनीच प्लाक घडवला असं नव्हे.

उपचार म्हणजे हिरडीखालची खोल सफाई: भूल देऊन, मुळांवरचा थर खरवडून. २००७ मध्ये १२० रुग्णांवर झालेल्या चाचणीत अशा कसून केलेल्या सफाईनंतर दुसऱ्याच दिवशी धमनीची प्रसरण पावण्याची क्षमता घटली, पण ६ महिन्यांनी ती आधीपेक्षा सुधारली. सुरुवातीची ही घसरण लोक विसरतात. नुकताच अटॅक येऊन गेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांना विचारून, टप्प्याटप्प्याने करावं. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधं सफाईसाठी स्वतःहून बंद करू नयेत. स्टेंट असेल तर ते जिवावर बेतू शकतं. नुसत्या स्टेंटसाठी सफाईआधी अँटिबायोटिकचा डोसही लागत नाही. तो कृत्रिम झडप किंवा पूर्वी एंडोकार्डायटिस (हृदयाच्या आतल्या अस्तराचा संसर्ग) झालेल्यांसाठी असतो. २-३ महिन्यांनी खाचा पुन्हा मोजायच्या, आणि मग दर ३-४ महिन्यांनी देखभाल. मधे खंड पडला की जिवाणू पुन्हा बस्तान बसवतात.

हृद्गत
अँटिबायोटिक्सचा प्रयोग झालेला आहे आणि मोठ्या प्रमाणावर. १९८८ मध्ये फिनलंडमध्ये हृदयरुग्णांच्या रक्तात क्लॅमिडिया न्यूमोनिए या श्वसनमार्गाच्या जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांचं प्रमाण जास्त आढळलं, तेव्हापासून आशा होती. २००५ च्या एका चाचणीत ४,०१२ रुग्णांपैकी निम्म्यांना अ‍ॅझिथ्रोमायसिन ६०० मिलिग्रॅम आठवड्याला एकदा, वर्षभर दिलं. फायदा शून्य. गॅटिफ्लॉक्सासिनचंही तेच झालं. क्लॅरिथ्रोमायसिनच्या दोन आठवड्यांच्या कोर्सने तर डेन्मार्कमधल्या ४,३७३ रुग्णांच्या चाचणीत हृदयविकाराने होणारे मृत्यू उलट वाढले. टीएमएओच्या बाबतीतही आठवडाभराच्या अँटिबायोटिक्सने ते जवळजवळ नाहीसं झालं आणि थांबवताच पुन्हा बनू लागलं. वस्ती उठवून काही साधत नाही, कारण तिला मिळणारं खाद्य तेच राहतं. कोर्स देऊ नका.

अनुबंध
समजलं. मग सफाईनंतर क्लोरहेक्सिडिनचा जंतुनाशक माउथवॉश रोज चालू ठेवायचा का? आणि आतड्यातल्या जिवाणूंसाठी प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल?

दंतमूळ
रोज नको. सफाईनंतर १-२ आठवडे, बस. पालेभाज्यांतलं नायट्रेट लाळेत उतरतं, आणि जिभेच्या मागच्या भागातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात. त्यातूनच पुढे धमन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड मिळतो. निरोगी लोकांना ७ दिवस असा माउथवॉश दिल्यावर वरचा रक्तदाब २ ते ३.५ मिलिमीटरने चढल्याचं नोंदलेलं आहे. त्यापेक्षा दातांच्या फटींत बसेल त्या मापाचा इंटरडेंटल ब्रश रोज एकदा फिरवायला शिकवा.

चयापचय
प्रोबायोटिकच्या कॅप्सूलने टीएमएओ खात्रीने उतरतं असं दिसलेलं नाही. पैसे कडधान्यं आणि अख्ख्या धान्यावर घाला. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू मिळाले की जिवाणू त्यापासून ब्युटिरेट, प्रोपिओनेट ही लहान मेदाम्लं बनवतात. ब्युटिरेटवर मोठ्या आतड्याचं अस्तर जगतं. ओट्स किंवा सातूतलं (बार्लीतलं) बीटा-ग्लुकन हे विरघळणारे तंतू रोज ३ ग्रॅम गेलं तर एलडीएलही साधारण ५ टक्क्यांनी उतरतं. एकदम वाढवलं की पोट फुगतं, गॅस होतो आणि रुग्ण चौथ्या दिवशी सोडून देतो. आठवड्याला ५ ग्रॅम या बेताने वाढवा आणि त्याच बेताने पाणीही. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर मात्र पोटॅशियम बघून कडधान्यांचं प्रमाण ठरवावं लागेल, म्हणून ईजीएफआर आधी.