लोगो करता करता कोच झालो. तुमचीही गाडी अशी रूळ बदलून गेलीय का?

गोलाणीतला_जुना

काल माळा आवरताना बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जुनी व्हिजिटिंग कार्डं सापडली आणि तळाला मसाल्याचं एक रिकामं पाकीट, काळं मॅट, वर सोनेरी फॉइल. बायको म्हणाली टाकू का, म्हटलं थांब. अर्धा तास माळ्यावरच बसलो, म्हणून लिहितोय.

२००४ ला जळगावला गोलाणी मार्केटात एक गाळा, एक कॉम्प्युटर, डिझाइनला कोरलड्रॉ आणि मराठी टायपिंगला श्रीलिपी. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. "दादांचा फोटो अजून मोठा करा" ऐकून ऐकून कान किटले. मग लोगो, पाकिटं, आणि एक दिवस बोर्डावर 'ब्रँडिंग' लिहून मोकळा झालो, रेट दुप्पट.

तर ते पाकीट. नंदुरबारकडचा मिरची-मसालेवाला, दुसरी पिढी, तिशीचा पोरगा. भाऊ, प्रीमियम पाहिजे. वडलांचं लाल पाकीट होतं, वर मिरचीचं चित्र, ते काढून मी हे काळं केलं. माझं मलाच इतकं आवडलं होतं की फ्रेम करून लावणार होतो. तीन महिन्यांत गठ्ठेच्या गठ्ठे परत. आठवडी बाजारातल्या बायका नाव वाचत बसत नाहीत, रंग बघून माल उचलतात, त्यांनी दुकानदाराला सांगितलं हे ते नाही. पोरगा आला, दहा हजार पाकिटं पडून आहेत म्हणाला, मी लगेच नवीन डिझाइन काढायला बसलो आणि काय सुचलं कोणास ठाऊक, माऊस सोडून विचारलं, हे काळं पाकीट तुला कोणाला दाखवायचं होतं रे?

पोरगा गप्प. मीही गप्प, खरं तर पुढचं काय बोलावं तेच कळेना. चहावर साय धरली. मग म्हणाला, अप्पांना. आठ वर्षं दुकानावर बसतोय, गल्ल्याची किल्ली अजून त्यांच्या करदोट्याला, चेकवर माझी सही चालत नाही.

म्हणजे पाकिटाचा संबंधच नव्हता! डिझाइनचे पैसे मात्र मी घेऊन बसलो होतो. त्यानंतर लोगोआधी तास तास बोलत बसायची सवय लागली, मग लोक लोगो सोडून बोलायलाच यायला लागले, मग २०१८ ला कोचिंग रीतसर शिकलो, म्हणजे सल्ला न देता प्रश्न विचारायचे, उत्तर समोरच्यालाच शोधू द्यायचं. आता गाळा पुतण्या बघतो. तुमचं सांगा.

भुसावळ_लोको

कोच म्हटलं की आम्हाला एस-सात आणि बी-दोन. तुम्ही कोणता भाऊ, एसी का स्लीपर?

गोलाणीतला_जुना

जनरल. जागा नाही मिळाली तरी चढू देतो.

मेहरूणची_बोरं

आमच्या सासूबाई गल्लीभर सांगतात सून कोचिंग घेते, दर जूनमध्ये दोन तरी पालक दारात, दहावीचं गणित घेता का ताई. एकदा खरंच घेतलं, नाही म्हणवेना.

मी साड्यांच्या दुकानांचे कॅटलॉग नि सोशल मीडिया करायचे. आयसीएफ म्हणजे कोच लोकांची जागतिक संस्था, तिचं पहिलं सर्टिफिकेट म्हणजे एसीसी, त्याला ६० तासांचं शिक्षण लागतं, १० तास मेंटरबरोबर आणि १०० तास प्रत्यक्ष कोचिंग, त्यातले ७५ पेड. मला घाम फुटला, इथे सल्ल्याचे पैसे कोण देतं, सल्ला तर बसस्टँडवर फुकट मिळतो. मग कळलं फी कितीही असली तरी पेड धरतात, वस्तूच्या बदल्यात केलेलंसुद्धा. माझे पहिले अकरा तास केळीच्या वेफर्सवर झालेत. वजन चार किलो वाढलं ते वेगळं. थांबा कुकरची शिट्टी झाली

फैजपूर_बाग

खरं बोलू का, राग मानू नका. पुण्याला एका हॉटेलात तीन दिवसांचा कार्यक्रम, चाळीस हजार भरले. टाळ्या वाजवा, शेजारच्याला मिठी मारा, मोठ्याने ओरडा मी करू शकतो. घरी आलो, केळीचे घड तयार उभे, कापायला चार दिवस उशीर झाला की माल पिकायला लागतो, व्यापाऱ्याला ते माहीत, म्हणून तो भाव पाडतो. माझा माइंडसेट बदलून त्याचा काटा बदलतो का भो? आता प्रत्येक गल्लीत एक कोच आहे, स्वतःचा धंदा नाही चालला की दुसऱ्याचा चालवायला निघतात.

गोलाणीतला_जुना

@फैजपूर_बाग राग कशाला, पटलं. मंचावरून ओरडणाऱ्याला मी कोच म्हणत नाही पण लोक म्हणतात, त्याला काय करणार. आणि सगळंच बोलून सुटत नाही. माझ्याकडे एक जण आत्मविश्वास कमी झाला म्हणून आला होता, दोन प्रश्नांत कळलं दोन वर्षांचं जीएसटी रिटर्न थकलंय. पैसे न घेता सीएकडे पाठवला. आत्मविश्वास तिकडेच परत आला.

मला सगळ्यात जड गेलं ते उत्तर गिळणं. इतकी वर्षं उत्तराचेच पैसे घेतले, पिवळा घ्या, फॉन्ट जाड करा. आता समोरचा चुकतोय हे दिसत असतं आणि जीभ चावून विचारायचं, मग तुम्हाला काय वाटतं? सुरुवातीला मेंटरने रेकॉर्डिंग ऐकवलं, पाऊण तासात मीच अर्धा तास बोलत होतो.

पांझराकाठी

श्रीलिपीवरून आठवलं, माझ्याकडे २००९ ची पत्रिकेची फाईल आहे, नवीन कॉम्प्युटरवर उघडली तर नुसते किडे दिसतात, कोणी सांगेल का

गोलाणीतला_जुना

कर्व्ह केली नव्हती ना, म्हणजे अक्षरांचं चित्र? मग तो फॉन्ट टाकल्याशिवाय नाही दिसणार. पाठवा, पुतण्या बघेल.

अमळनेरची_आक्का

भाऊ, तुना धागा वाचीसन मन भरी उनं. मी पापड-कुरडयांचं करते, तेरा बायका आहेत. एक मुलगी आली होती अशीच प्रश्न विचारायला, शुद्ध मराठीत, तुमची पुढची पाच वर्षांची व्हिजन काय. बायका एकमेकींकडे बघून पदर तोंडाला. मग तीच म्हणाली, काय व्हयनं ओ मावशी, इतल्या गप का शेतस? झालं, दीड तास कोणी थांबेना, एकीचा नवरा पैसे काढून घेतो ते पण तेव्हाच कळलं. कुरडयांचा चीक तळाला लागला पण लागू दे म्हटलं.

मेहरूणची_बोरं

आक्का अगदी! मराठीत विचारलं की "सगळं ठीक", अहिराणीत विचारलं की सुरू. हे कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

पारोळा_पॅकिंग

लोगोवाल्यांना एक विनंती, चित्र काढायच्या आधी गिऱ्हाइकाला नाव ट्रेडमार्क म्हणून रजिस्टर करायला सांगत जा. माझ्या लोणच्याचं नाव दुसऱ्याने आधी केलं, बरण्या, लेबलं सगळं बदललं. छोट्या उद्योगाला ऑनलाइन एका क्लासला, म्हणजे मालाच्या एका वर्गाला, ४,५०० रुपये सरकारी फी आहे, झालं की १० वर्षं बघायला नको. माझ्या डिझायनरने सोनेरी बॉर्डरवर तीन मीटिंग घेतल्या, याबद्दल एक शब्द नाही.

गोलाणीतला_जुना

मीही कित्येक वर्षं सांगत नव्हतो, मलाच माहीत नव्हतं.

भुसावळ_लोको

ब्रँडिंग तर आपल्या भरिताच्या वांग्याचं. २०१६ ला जीआय, म्हणजे जळगावच्या नावावर भौगोलिक मानांकन मिळालं, केळीला पण. फ्लेक्स नाही, काही नाही.

फैजपूर_बाग

जीआय आहे, भाव कुठाय

पांझराकाठी

ते सगळं जाऊ द्या, अप्पांनी किल्ली दिली का नाही शेवटी?

गोलाणीतला_जुना

नाही दिली. पोराने काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला, ते पैसे थेट त्याच्या खात्यात. अप्पा चार महिने त्याला बिनकुलपाचा गल्ला म्हणायचे. आता रोज संध्याकाळी विचारतात, तुझ्या त्यात किती आले. पाकीट परत लाल झालं, मिरची तीच, मी फक्त देठ जरा सरळ केला. त्याचे पैसे नाही घेतले, अर्धा किलो लाल तिखट घेतलं. पेड तासांत धरलंय.

मेहरूणची_बोरं

पत्ता मेसेज करा त्या मसाल्याचा, आमचं तिखट संपत आलंय

भुसावळ_लोको

मला पण. डिसेंबरात भरीत पार्टी आहे ना नदीकाठी, कळण्याची भाकरी आक्का आणतील, वांगी फैजपूर

फैजपूर_बाग

वांगी आणतो. मिठी कोणी मारायची नाही.