मदत हवी आहे: टर्बो बसवलेल्या एमजीबी स्पोर्ट्स कारमध्ये निळा धूर, आणि बूस्टमध्ये मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी)
1798 सीसीचं बी-सिरीज इंजिन, कॉम्प्रेशन 8:1, जर्नल बेअरिंगचा छोटा टर्बो, फ्युएल इंजेक्शन, वेगळा ईसीयू (इंजिनचा कंट्रोल कॉम्प्युटर). बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, 0.4 बार.

आयडलवर थोडा वेळ ठेवून ॲक्सिलरेटर दिला की निळ्या धुराचा लोट निघतो. चालत्या गाडीत जवळपास काहीच नाही. टर्बाइन हाउसिंगच्या तोंडाशी ओलं तेल, प्लग मात्र कोरडे आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं, त्यामुळे पिस्टन रिंगांवर संशय नाही. टर्बोच्या शाफ्टला आडवा किंचित खेळ आहे, पुढेमागे जाणवत नाही. परतीचं तेल तुंबलं की चांगला टर्बोही सीलमधून तेल सोडतो, आणि इथे तेच होतंय असं वाटतं: ड्रेन पाइप आतून 16 मिमी, पण इंजिन माउंटला वळसा घालताना बराच आडवा जातो आणि संपमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत) तेलाच्या पातळीच्या जेमतेम वर उघडतो. ब्रीदर (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारं तोंड) एकच, टॅपेट कव्हरवरचा. पाइप 19 मिमीचा करून सरळ खाली आणावा, की आधी क्रँककेसचा दाब मोजावा? बी-सिरीजच्या संपवर ड्रेनचं तोंड नेमकं कुठे वेल्ड केलंत? फोटो असेल तर फारच बरं.

दुसरं जास्त काळजीचं. पूर्ण बूस्टला एएफआर (हवा-इंधन प्रमाण) 11.8 हवा, तो 13.2 वर जातो. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून आयडलला फ्युएल प्रेशर 3 बार, बूस्टमध्ये 3.4 दिसायला हवं, काटा 3 वरच. हातपंपाने रेग्युलेटरला 0.4 बार दिल्यावर आयडलला 3.4 नीट येतं. मग फ्युएल पंप कमी पडतोय, की त्याच्या वायरिंगमध्ये व्होल्टेज पडतंय? लोडखाली पंपाच्या टर्मिनलवर किमान किती व्होल्ट धरावेत?