चर्चा: एका गावात हयात घालवण्याचं गांधीवादी काम सोलापूर जिल्ह्याला आता परवडतं का?

कोरडवाहू:
एखादे जुने सर्वोदयी कार्यकर्ते वारले किंवा त्यांच्या पंचाहत्तरीचा सत्कार ठरला की ठरलेली वाक्यं ऐकू येतात. खादी सोडली नाही, गाव सोडलं नाही, मानधन घेतलं नाही. माणसाबद्दल आदर आहेच, पण कामाचा हिशेब कोणी मागत नाही. म्हणून मुद्दाम टोकाचं मांडतो: एकानं एका गावात चाळीस वर्षं काढायची ही पद्धत आपल्या जिल्ह्यापुरती तरी मोडीत काढावी.

जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरावर पडणारं पाणी साधारण ५५ लाख लिटर. पाटानं भिजवलेल्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. मधली तूट उजनी भरते, नाहीतर बोअर. उजनीत ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) मावतं, पण त्यातला उपयुक्त साठा ५३-५४ टीएमसीच, उरलेला मृतसाठा. कालव्याचं आवर्तन कधी सोडायचं ते बैठकीत ठरतं, उसाचं बिल कधी द्यायचं ते कारखाना ठरवतो. या सगळ्यापुढे वाडीवरचा एक चरखा आणि आठवड्याचं श्रमदान म्हणजे काय?

आणि चरख्याचाच हिशेब घ्या. गुंडी म्हणजे १००० मीटर सूत. एप्रिल २०२५ पासून गुंडीमागे मजुरी पंधरा रुपये. आठ चात्यांच्या अंबर चरख्यावर दिवसभर बसून वीसेक गुंड्या निघतात असं धरा. झाले तीनशे. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ ला ३१२ रुपये होती. चर खणणारी बाई कातणारीपेक्षा जास्त मिळवते, मग कातायला बसेल कोण?

पेळू:
आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धवट. वीस गुंड्या रोज पडतील हे धरणंच चुकीचं आहे, तेव्हा तुमचा हिशेब खादीवर उलट मेहेरबान आहे. मार्च ते मे सोलापूरची हवा इतकी कोरडी होते की बारीक सूत सारखं तुटतं. खोलीत ओली पोती टांगावी लागतात, जमिनीवर पाणी मारावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच गावात टँकर सुरू असतो. रोव्हिंग, म्हणजे कातायला तयार केलेली कापसाची सैल वात, बाहेरच्या प्लँटमधून येतं. ते वेळेवर आलं नाही की आठही चात्या उभ्या. त्यात गाव सोलापूर शहराजवळचं असेल तर चादर-टॉवेलच्या यंत्रमागाशी गाठ. खादीनं इथे पोट भरेल असं म्हणणारा कार्यकर्ता मला तरी माहीत नाही.

पण गांधीवादी काम म्हणजे चरखा एवढंच का धरायचं? गांधींच्या १९४१ च्या रचनात्मक कार्यक्रमात ग्रामसफाई आहे, आरोग्य आहे, प्रौढशिक्षण आहे, दारूबंदी आहे. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी वर्ध्याला ग्रामोद्योग संघात घाणी, गूळ, हातकागद यांवर काम केलं. मोजायचंच असेल तर हे सगळं मोजा. सुताची गुंडी मोजायला सोपी, म्हणून सगळा निवाडा तिच्यावर नको.

बर्गा:
कोरडवाहू, तुम्ही प्रश्न उलट्या टोकानं धरलाय. या जिल्ह्यात गोष्टी बांधल्या जात नाहीत अशी तक्रार कोणीच करणार नाही. बांधलेल्या गोष्टी मरतात, आणि त्या मरतात देखभालीवाचून.

कोल्हापुरी बंधारा घ्या. सीना, भीमा, माण आणि ओढ्यांवर ढिगानं आहेत. बर्गे, म्हणजे पाणी अडवायला खांबांच्या खाचेत बसवायच्या फळ्या, केव्हा टाकायचे यावर सगळा खेळ. कागदावर १५ ऑक्टोबर असतं. पण आपला खरा पाऊस सप्टेंबरात आणि परतीचा. लवकर टाकले आणि वर एक मोठा पाऊस झाला, तर पाणी बगलेनं काठ फोडून जातं आणि पुढच्या वर्षी बंधारा कोरड्यात उभा, ओढा शेजारच्या रानातून. उशीर केला तर प्रवाह आटलेला, अडवायला काही उरत नाही. हा आठ-दहा दिवसांचा निर्णय रोज ओढ्याकडे बघणाऱ्यालाच घेता येतो.

पुढे गळती. लोखंडी बर्ग्याचं रबर उन्हात तडकतं, खाचेत गाळ बसतो आणि बर्गा तिरका बसतो. मग दोन ओळींच्या मधे काळी माती ठासून भरावी लागते. मुरूम टाकला तर दोन आठवड्यांत पाणी झिरपून जातं. पावसाळ्याआधी बर्गे काढून, मोजून, नंबर टाकून कुलपात ठेवायचे. बांधावर टाकून दिले की भंगारात जातात, आणि दोन खांबांमधल्या एका गाळ्याचे चार कमी पडले तरी तो गाळा त्या उंचीच्या वर पाणी धरत नाही. ठेकेदार हे करत नाही, कारण त्याचं बिल निघालेलं असतं. जुन्या कार्यकर्त्यांनी गावात राहून जे केलं त्याचा मोठा भाग हाच होता. सत्काराच्या भाषणात तो येत नाही, कारण सांगायला कंटाळवाणा आहे.

दोन_खड्डे:
बर्गाशी सहमत, आणि संडासाचं उदाहरण त्याहून उघड आहे.

गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरीत संडासावर जे काम केलं त्याचा गाभा एकच होता: मैला हातानं उचलायची वेळ कोणावरच येऊ नये. दोन शोषखड्ड्यांचा संडास त्याच रांगेतला. पाच-सहा माणसांच्या घराला प्रत्येकी साधारण एक मीटर व्यासाचे, सव्वा मीटर खोलीचे दोन खड्डे. दोन्हींत किमान एक मीटर अंतर. भिंतीला जाळीदार वीटकाम, वरचे थर सलग, तळ मातीचाच. भांडं जास्त उताराचं, पाणझाप (वास रोखायला भांड्याखाली अडून राहणारं पाणी) २० मिलिमीटर, म्हणजे दीड-दोन लिटरमध्ये काम होतं. पुढे वाय आकाराची जोडणी, एक तोंड चालू आणि एक बंद. पहिला भरला की तोंड बदलायचं आणि भरलेला खड्डा दीड-दोन वर्षं तसाच ठेवायचा. नंतर आत निघतं ते कोरडं, वास नसलेलं खत. घरधनी स्वतः फावड्यानं काढू शकतो.

आपल्याकडे बिघडतं काय? एक, काळी चिकण जमीन. ओली झाली की फुगते, छिद्रं बुजतात आणि खड्डा पाणी पीत नाही. उपाय साधा आहे, खड्ड्याभोवती फूटभर जाडीचा वाळू-खडीचा वेढा द्यायचा. तो दिसत नाही म्हणून गवंडी गाळतो. दोन, जोडणीचं दुसरं तोंड बंदच करत नाहीत. दोन्ही खड्डे एकदमच भरतात, मग आलटून-पालटून कसलं? तीन, न्हाणीचं पाणी त्यातच सोडतात. चार, आणि हे सगळ्यांत वाईट: बारा हजारांच्या अनुदानात पदरचे घालून लोक दहा-बारा फूट खोल एकच टाकी बांधतात, ‘पोरांच्या लग्नापर्यंत भरणार नाही’ म्हणून. ती भरते. तेव्हा आत उतरवायला माणूस शोधतात, आणि तो कोणत्या वस्तीतून येतो ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे.

अनुदानासाठी बांधकामाचा फोटो लागतो. तोंड बदलायची वेळ चार-पाच वर्षांनी येते. तेव्हा दारात जाऊन ‘झाकण उघडा, बघू’ म्हणणारा कोण?

कोरडवाहू:
ग्रामपंचायत! तिचंच काम आहे ते. बर्गे असोत की झाकणं, त्यासाठी ब्रह्मचारी, उपाशी, खादीधारी माणूस कशाला? जिल्ह्यात हजारावर गावं आहेत. गावाला एक हयात या हिशेबानं हजार माणसं आणणार कुठून? आणि ज्या गावात असा माणूस होता तिथली ग्रामपंचायत आणखी ऐदी झाली, हेही लिहा की. ‘दादा आहेत ना’ म्हणत सरपंचानं हात झटकले. दादा गेले, त्यांची नोंदींची वहीही गेली.

अर्धा_एकर:
माणूस की नियम, अशी वाटणी करायची तर पाणी पंचायत बघा. विलासराव साळुंखे १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदरच्या नायगावात उतरले. पाणी जमिनीच्या प्रमाणात द्यायचं नाही, माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस बंद. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा सभासदांनी आधी भरायचा. हे नियम कागदावर एका पानात बसतात, सांगोला-मंगळवेढ्याला उद्या लावता येतील.

मग लागले का नाहीत? पहिली अडचण विजेची. उपसा योजनेचं बिल सगळ्यांनी मिळून भरायचं असतं. दोघांनी थकवलं की तोडलेली जोडणी सगळ्यांची. दुसरी, उसाची. मालदांडी ज्वारीला एक-दोन पाणी दिलं तरी पीक येतं, डाळिंबाला ठिबक चालतं, पण उसाला कारखाना हे हमखास गिऱ्हाईक आहे. एकानं लावला की त्याची पाळी लांबते आणि शेवटच्या व्हॉल्व्हवाल्याला हवा मिळते. तेव्हा ऊस लावणाऱ्याच्या बांधावर जाऊन, त्याच्या घरचा चहा पिऊन, ‘पाणी बंद’ म्हणायला ज्याचा गावात स्वतःचा गुंठाही नाही असा माणूस लागतो. सरपंच ते म्हणत नाही. त्याला मतं हवीत आणि त्याचाही ऊस असतो. हिवरे बाजारला उसाला आणि शेतीसाठी बोअरला बंदी टिकली, पण तिथेही पोपटराव पवार वर्षानुवर्षं ठाण मांडून बसले म्हणून.

म्हणजे कोरडवाहूंचं अर्धं मान्य. नियम आधी हवेत. पण नियम मोडल्यावर उभा राहणारा तटस्थ माणूस फुकट मिळत नाही.

वेशीबाहेर:
‘तटस्थ’ शब्दावर हरकत आहे. आदर्श गावांत चराईबंदी झाली, कुऱ्हाडबंदी झाली, ‘गावानं एकमतानं ठरवलं’ म्हणून. गायरानावर बकऱ्या कोणाच्या चरत होत्या? पाच एकर बागायतवाल्याच्या नव्हे. ज्याच्याकडे सात-आठ शेरड्यांशिवाय काही नाही त्याच्या. बंदी एका रात्रीत लागली आणि शेरड्या बाजारात गेल्या. तीन वर्षांनी गवत आलं, ते कापून न्यायला ज्याच्या दावणीला म्हशी तो पुढे. करायचंच तर गायरानाचे तीन-चार भाग पाडून आळीपाळीनं बंद ठेवा, आणि गवत कापायचा पहिला हक्क भूमिहीनांचा लिहून ठेवा. ठरावात, तोंडी नाही.

गोबरगॅसचंही तेच. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज ५० किलो शेण आणि तेवढंच पाणी लागतं. म्हणजे पाचेक जनावरं दारात. ती कोणाच्या दारात असतात? त्यात गॅस साठवणाऱ्या लोखंडी टोपीला दरवर्षी रंग हवा, नाहीतर गंजून भोकं पडतात. आणि दुष्काळात जनावरं चारा छावणीला गेली की सयंत्र सुकतं, तळाशी घट्ट थर बसतो, पुन्हा सुरू करायचं तर उपसणं आलं. कार्यकर्ता भला माणूस असेल, पण त्यानं निवडलेली यंत्रं जमीनवाल्यांच्या मापाची निघाली. दोन खड्ड्यांचा संडास हा अपवाद. त्याबद्दल मात्र अप्पासाहेबांना माझा नमस्कार.

पेळू:
वेशीबाहेर यांचा मुद्दा खोडता येत नाही. एवढंच जोडतो की गावात पाच वर्षं राहिलेल्याला गायरानावर कोणाच्या शेरड्या आहेत ते माहीत असतं. तीन वर्षांच्या प्रकल्पावर आलेल्याला ते पाहणीच्या फॉर्मात सापडत नाही. माहीत असूनही गप्प बसला तर दोष त्याचा, राहण्याचा नाही.

कोरडवाहू:
ठीक. मग साधू कशाला, पाटकरी नेमा. पाच-सहा गावांच्या गटाला एक पगारी माणूस: बर्गे, झाकणं, पाण्याच्या पाळ्या आणि गायरानाची वही. सहा महिन्यांनी वही ग्रामसभेत वाचायची. त्याची बदली झाली तरी वही राहते. पैसे भिजलेल्या क्षेत्रावर एकरी पट्टी लावून काढा, सुगीनंतर, ज्वारी विकली की.

बर्गा:
पट्टी सुगीनंतर नको, बर्गे टाकायच्या आधी घ्या. पाणी अडल्यावर कोणी देत नाही. आणि त्याचा पगार ग्रामपंचायतीच्या खात्यातून नको. ज्याच्या उसाचं पाणी तोडायचं, त्याच सरपंचाच्या सहीनं पगार निघणार असेल तर पहिल्याच पाळीला तुमचा पाटकरी गप्प बसेल.

कोरडवाहू:
लाभधारकांचं वेगळं खातं, सह्या तिघांच्या. त्यांतली एक भूमिहीनाची. वेशीबाहेर, चालेल?

वेशीबाहेर:
दोन भूमिहीनांच्या करा, मग बोलू.