जाळीपलीकडे काय दिसतं

'मतमोजणीच्या वेळी आत आकडे कसे येतात ते कोणालाच दिसत नाही' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. मी एकदा उमेदवाराचा मोजणी प्रतिनिधी म्हणून मोजणीच्या टेबलासमोरच्या जाळीला नाक लावून बसलोय. कंट्रोल युनिट (मतदान यंत्राचा मतं साठवणारा भाग) टेबलावर आलं की आधी सीलचा नंबर आणि एकूण मतं आपल्याकडच्या १७ सी फॉर्मशी (बूथवर किती मतं पडली त्याची नोंद) ताडायची, मग रिझल्टचं बटण. आकडे भराभर सरकतात. लिहायचं हुकलं तर पुन्हा दाखवा म्हणायचं. खरी गोची वेगळीच. बूथवर बसलेल्या आमच्याच पोरांपैकी दोघं मतदानाच्या संध्याकाळी १७ सीची प्रत न घेता घरी गेले होते. त्या बूथांचं ताडणार कशाशी, कपाळ?

आणि दोन उमेदवारांची बरोबरी झाली तर फेरमतदान नाही, चिठ्ठी काढतात. २०१७ला मुंबई महापालिकेच्या २२० नंबर वॉर्डात नगरसेवक असाच ठरला.