मुळाखालच्या नाण्यासाठी झाडाचं मूळ कापायचं का?

केंटवासी
काल इंग्लंडमधल्या मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधणाऱ्या मराठी लोकांच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला. ओकच्या बुंध्यापासून दोन पावलांवर खड्डा, मनगटाएवढं मूळ करवतीने कापून बाजूला काढलेलं आणि खाली मिळालेली चांदीची हॅमर्ड पेनी (हातोड्याने ठोकून पाडलेलं जुनं नाणं). वर लिहिलंय, "झाड तीनशे वर्षांचं आहे, एका मुळाने काय होतंय, सिग्नल सोडून येणाऱ्यांनी हा छंदच सोडावा." लोकांनी अभिनंदन करून करून वर चढवलंय त्याला. तिथे दोन ओळीत लिहून माझं समाधान होईना म्हणून इथे.

मी स्वतः डिटेक्टर चालवतो, त्यामुळे "तुम्हाला काय कळतंय" हे आधीच बाजूला ठेवा. झाडाची मुळं खोल पाताळात जातात असं आपण धरून चालतो, पण बहुतेक सगळी मुळं वरच्या ६० सेंमी मातीत असतात, आणि आपलं मशीन ज्या २०-२५ सेंमीत नाणं ऐकतं ती नेमकी त्यांचीच जागा. इथे बांधकामाच्या वेळी झाडं कशी जपायची याचं बीएस ५८३७ हे ब्रिटिश मानक आहे, त्यात बुंध्याच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येची जमीन राखायला सांगितलीय, म्हणजे मीटरभर जाडीच्या ओकला चहूबाजूंनी १२ मीटर. २५ मिमीपेक्षा जाड मूळ तर झाडांच्या जाणकाराला विचारल्याशिवाय तोडायचंच नाही. बिल्डरला हे लागू आणि आपण छंद म्हणून करवत घेऊन जायचं? बुंध्याजवळचं जाड मूळ झाडाला उभं धरतं, कापलेल्या तोंडातून बुरशी आत शिरते, आणि झाड लगेच मरत नाही म्हणून आपण खूश. पुढे कधीतरी वादळात पडतं तेव्हा खड्डा कोणाच्या लक्षात असतो?

मुळाला हात न लावता पण निघतं बरेचदा. पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) नेमकी जागा धरायची, मुळाच्या बाजूने बोटांनी माती उकरायची, बारीक मुळं दिसली की तिथे खुरपं चालवायचं नाही, आणि माती लगेच परत दाबून बसवायची. नाहीच निघालं तर सोडून यायचं.

लेस्टरचा गडी
झालं सुरू प्रवचन. ज्या शेतकऱ्याने मला परवानगी दिलीय तो दरवर्षी बांधावरच्या ओकच्या पार बुंध्यापर्यंत नांगर घालतो, केबलवाले रस्त्याकडेला सरळ चर मारून जातात, त्यांना कोणी बीएस अमुकतमुक वाचून दाखवत नाही. मी एक वीतभर खड्डा केला की निसर्ग धोक्यात. आणि "सोडून यायचं" म्हणे, आम्लधर्मी मातीत तांब्या-ब्राँझची काय अवस्था होते बघितलीय का? आज नक्षी वाचता येतेय असं एखादं जुनं बटण माझ्या नातवाच्या हाती हिरवी भुकटी होऊन येईल. वाचवतोय कोण, मी की तुम्ही?

केंटवासी
नांगरवाला चुकतोय म्हणून आपणही चुकायचं हे कुठलं लॉजिक. त्या शेतकऱ्याला सांगा ना, परवानगी दिलीय म्हणजे बोलतो तरी तुमच्याशी. आणि त्या फोटोत ब्राँझ नव्हतं, चांदी होती, तिला एवढी काय घाई?

खणती पुणे
दोघंही झाड आणि नाणं यांच्यात अडकलात. नांगरलेल्या शेतातली वस्तू आधीच हललेली असते, म्हणूनच इंग्लंडच्या डिटेक्टिंगच्या आचारसंहितेत शक्यतो नांगरलेल्या जमिनीवरच फिरा असं म्हटलंय. जुन्या झाडाखाली नांगर गेलेला नसतो, तिथे वस्तू कुठल्या थरात, कशाशेजारी पडलीय ते अजून शाबूत असू शकतं. करवत घातली की ते गेलं, कुठल्याच म्युझियमला परत जोडता येणार नाही. एकटं नाणं तिथल्या कायद्यात सहसा ट्रेझर, म्हणजे सरकारला कळवायलाच हवा असा ठेवा, धरत नाहीत, ठीक. पण ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन नाणी एकत्र निघाली की १९९६च्या ट्रेझर अॅक्टप्रमाणे १४ दिवसांत कळवावं लागतं. मुळाखाली एक निघालं तर दुसरं नाही हे खड्डा करण्याआधी कसं कळलं तुम्हाला?

लेस्टरचा गडी
थर म्हणे शाबूत! अहो मुळंच थर फाडतात, गांडुळं वस्तू खाली नेतात. २०१५ मध्ये आयर्लंडमध्ये स्लायगोला वादळात बीचचं जुनं झाड कोसळलं तर मुळांत अडकून माणसाचा अर्धा सांगाडा वर आला, मध्ययुगातला. पाय जमिनीतच राहिले. हे कोणी केलं, डिटेक्टरवाल्याने?

खणती पुणे
आणि त्यानंतर तिथे पुरातत्त्ववाले गेले, हाडं तपासली, म्हणून तुम्हाला आज ते मध्ययुगातलं आहे हे माहीत आहे. करवतवाल्याने पिशवीत भरलं असतं तर?

गडवाट
इंग्लंडच्या ओकवर एवढी चर्चा, आपल्या गडांवर काय चाललंय बघा जरा. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरच्या असीरगडाजवळ 'छावा' सिनेमा बघून लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होते. आमच्या भागातल्या एका गडावर, नाव मुद्दाम लिहीत नाही, उंबराच्या मुळाशी कमरेएवढा खड्डा, बाजूला लिंबू, कुंकू, कापलेलं कोंबडं. आम्ही पोरांनी तो बुजवला, तक्रार द्यायला गेलो तर आम्हालाच विचारलं तुम्ही रात्री तिथे काय करत होतात. गुप्तधनासाठीच्या अघोरी प्रकारांवर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा आहे, दहा रुपयांच्या वरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं असतं. कोण कळवतं?

खणती पुणे
खरंय तुमचं. पण तुमचे संवर्धनवाले ग्रुप काय कमी आहेत का? बुरुजातला पिंपळ हिसका मारून उपटतात, मुळाबरोबर दगड निखळतो, आणि खाली फोटो "गड मोकळा केला". झाडाचं मूळ आहे तिथेच कापून मारायचं असतं, ओढायचं नसतं, नंतर पोकळी चुन्याने भरायची. आणि संरक्षित वास्तू असेल तर पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही.

गडवाट
परवानगीची गोष्ट करू नका, राग येतो. अर्ज देऊन दोन पावसाळे गेले, पिंपळाने अख्खी फट दुभंगली, उत्तर नाही. एसीत बसून थर मोजणाऱ्यांनी एकदा भर उन्हात चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन गड चढावा आणि मग आम्हाला शिकवावं.

खणती पुणे
एसी? मी उत्खननात उकिडवं बसून गुडघे घालवलेत. तुमची कळकळ मान्य, पण कळकळीने पडलेला बुरूज परत उभा राहत नाही.

गडवाट
उपटणारे चुकतात हे मीही आमच्या पोरांना सांगतो, एवढं कबूल. पण अर्जाला उत्तर मिळेपर्यंत फांद्या आम्ही छाटणारच.

केंटवासी
अहो, धागा मुळं कापण्याचा आहे, बुरुजाचा वेगळा काढा. तिथे झाड भिंतीला मारतंय, इथे आपण झाडाला मारतोय.

लेस्टरचा गडी
चला, २५ मिमीच्या वर नाही कापणार, नाहीतर झोपू देणार नाही हा माणूस. तो फोटो माझा नव्हता, हेही सांगून ठेवतो. पण मग हे सांगा, आमच्या शेतकऱ्याची बांधावरची अॅशची झाडं डायबॅकने (बुरशीच्या रोगाने) वाळलीत, ती तो पाडणारच आहे. तिथे तरी मुळं कापू की नाही?

केंटवासी
तिथे माझी हरकत नाही, पण उभं असताना खाली जाऊ नका. डायबॅकची अॅश ठिसूळ होते, फांदी न सांगता तुटते. पाडून झाल्यावर जा.

खणती पुणे
आणि खोडं मशीनने उपटायच्या आधी जा, नंतर सगळी माती एकत्र होते. तुमच्या काउंटीच्या फाइंड्स ऑफिसरला (सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला) आधी फोन करा, निघालेल्या प्रत्येक वस्तूची जागा लिहून ठेवा. एकाच ठिकाणी दुसरं नाणं दिसलं की तिथेच थांबा.

लेस्टरचा गडी
फोन करतो. शेतकरी थांबला तर.