आफ्रिकेच्या वर्षावनात फुलपाखरांसाठी जायचे आहे : घाना की युगांडा, आणि कोणत्या महिन्यात?

कातळसडा (देवरूख)

सप्रेम नमस्कार.

मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. पाऊस ओसरू लागला की आम्ही काही मित्र दरवर्षी आंबोली, पारपोली आणि तिळारीच्या रानात फुलपाखरे पाहायला जातो. आमच्यापैकी बहुतेकांनी साठी ओलांडली आहे, तरी चालण्याची सवय टिकून आहे आणि जळवा, निसरड्या वाटा, अंगावर वाळणारे कपडे यांचे आम्हाला काही वाटत नाही. आता एकदा आफ्रिकेतील वर्षावन पाहावे, आणि तेही केवळ फुलपाखरांसाठी, असे आम्ही ठरवले आहे. सिंह आणि हत्ती दाखवणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. परंतु दिवसभर एकाच ओल्या वाटेवर रेंगाळू देईल अशी सहल कोणी काढत असल्याचे आमच्या ऐकिवात नाही, त्यामुळे सगळी आखणी आम्हालाच करावी लागणार आहे.

वाचनातून घाना आणि युगांडा ही दोन नावे पुढे आली. यांपैकी कोठे जावे, कोणत्या महिन्यात जावे, आणि आफ्रिकेतील सर्वांत मोठे फुलपाखरू समजले जाणारे पॅपिलिओ अँटिमाकस दिसण्याची कितपत आशा धरावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पेन्शनमधून साठवलेला पैसा एकदाच खर्च करता येणार आहे. म्हणून उत्तर थोडे सविस्तर मिळाले तर उपकार होतील.

तिळारीकाठ (दोडामार्ग)

सर, नमस्कार. मी घानाला जाऊन आलो आहे, त्यामुळे माझा कल तिकडे असणे स्वाभाविक आहे. तरीही कारणे देऊनच सांगतो.

पहिली विनंती अशी की अँटिमाकसवर सहल बेतू नका. पंखांचा विस्तार अठरा ते तेवीस सेंटिमीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीतल्या सदर्न बर्डविंग या मोठ्या फुलपाखरालाही मागे टाकणारे हे फुलपाखरू १७८२ साली कीटक-अभ्यासक ड्रुरी यांनी शास्त्रीय जगासमोर आणले, आणि सिएरा लिओनपासून युगांडाच्या पश्चिम भागापर्यंतच्या रानांत ते आढळते. मात्र माद्या झाडांच्या शेंड्यांवरच वावरतात आणि नर अधूनमधून ओल्या वाळूवर किंवा चिखलावर उतरतात. ते दिसले तर भाग्य समजावे. पण त्याच्या मागे रोज नवे जंगल गाठत राहिलात तर बाकीची शेकडो फुलपाखरे नीट न पाहताच परत याल. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत फुलपाखरांच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत, आणि आपल्या संपूर्ण सह्याद्रीत साधारण साडेतीनशेच्या आत-बाहेर. एवढ्या संपत्तीसमोर एकाच जागी मुक्काम ठोकून बसणे हाच शहाणपणा आहे, असे माझे ठाम मत आहे.

घानामध्ये कुमासी शहराजवळचे बोबिरी हे राखीव वन तुमच्या वयाला आणि गरजेला सर्वांत सोयीचे वाटते. ते तेथील वनसंशोधन संस्थेच्या देखरेखीखाली असून फुलपाखरांचे अभयारण्य म्हणूनच ओळखले जाते. तेथे चारशेच्या आसपास जातींची नोंद आहे, आणि रानातच विश्रामगृह असल्यामुळे सकाळी चहा घेतला की लगेच वाट सुरू होते. केप कोस्टजवळचे ककूम राष्ट्रीय उद्यान अधिक प्रसिद्ध आहे. तेथे १९९५ साली झाडांच्या शेंड्यांमधून बांधलेला, सुमारे साडेतीनशे मीटर लांबीचा झुलता मार्ग आहे. तो अवश्य चालावा, कारण एरवी मान मोडेपर्यंत वर पाहूनही न दिसणारी फुलपाखरे तेथे डोळ्यांच्या पातळीवर येतात. परंतु पर्यटकांची गर्दी आणि पायाखाली हलणाऱ्या फळ्या यांमुळे छायाचित्रण मात्र मनासारखे होत नाही. नैर्ऋत्येकडचे अंकासा हे घानामधील सर्वांत ओले रान आहे. तेथील राहण्याची सोय अगदी साधी आहे, म्हणून प्रकृती ठणठणीत असेल तरच तिकडे जा.

महिन्याविषयी. दक्षिण घानामध्ये मोठा पाऊस एप्रिल ते जुलै आणि धाकटा पाऊस सप्टेंबर ते नोव्हेंबर असा पडतो. डिसेंबरच्या शेवटापासून सहाराकडून हरमॅटन हा कोरडा, धुळीचा वारा येतो आणि रान मलूल होते. धाकटा पाऊस सरताना, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत, वाटा ओल्या असतात आणि ऊनही मिळते. आपला आंबोलीचा हंगाम तोवर उतरणीला लागलेला असतो, त्यामुळे घरचेही काही चुकत नाही.

आता तेथे पाहायचे काय, ते सांगतो. वाटेवर उन्हाचे कवडसे पडतात त्या जागी युफेड्रा या गटातली फुलपाखरे बसलेली असतात. पंख पूर्ण उघडे, त्यांवर गर्द हिरव्यातून निळ्याकडे झुकणारी झळाळी, आणि बसणे बहुधा कुजक्या पानांवर किंवा गळलेल्या फळावर. आपण पाऊल उचलले की ते जमिनीलगत तरंगत चार हात पुढे जाते आणि पुन्हा बसते. मागे धावल्यास झुडपात शिरते. उभे राहिल्यास बहुतेक वेळा त्याच फळावर परत येते. सिमोथोए गटातील सँगारिस या जातीचा नर रक्तासारखा लालभडक असतो आणि मादी तपकिरी-पांढरी, इतकी निराळी की दोघांची गाठ मनात घालायला वेळ लागतो. ओढ्याकाठच्या चिखलावर ग्राफियम गटातील नर थव्याने उतरतात. आपल्याकडे टेल्ड जे किंवा फाइव्ह-बार स्वोर्डटेल ही फुलपाखरे ज्या कारणासाठी चिखलपान करतात, म्हणजे ओल्या चिखलातले पाणी शोषतात, तेच कारण तेथेही आहे : पानांच्या आहारातून न मिळणारे क्षार, विशेषतः सोडियम, नर मिळवतात आणि मिलनाच्या वेळी त्यातला वाटा मादीला देतात.

तुम्ही विज्ञानाचे शिक्षक आहात, म्हणून एका जातीवर मुद्दाम थांबतो. पॅपिलिओ डार्डानस या फुलपाखराचा नर पिवळसर आणि शेपटीचा असतो, तर आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर बहुतेक ठिकाणी माद्या बिनशेपटीच्या असून वेगवेगळ्या विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात. एकाच रानात माद्यांची अनेक रूपे सापडतात, आणि ही सगळी एकाच जातीची आहेत हे कीटकशास्त्रज्ञ रोलंड ट्रायमेन यांनी १८६९ साली मांडले. आपल्या परसातल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉरमॉन या फुलपाखराच्या माद्या हेच करतात : काही नरासारख्या, तर काही कॉमन रोज आणि काही क्रिमसन रोज या विषारी फुलपाखरांसारख्या. मॉरमॉनच्या माद्या एकदा मनापासून पारखून ठेवल्या असतील, तर बोबिरीच्या वाटेवर डार्डानसची मादी ओळखताना जो आनंद होतो त्याला तोड नाही.

म्हणूनच तयारी घरच्या रानात करा. रुईवर अळी वाढणारे प्लेन टायगर कोकणात आहे तसेच घानामध्येही आहे. त्याची नक्कल करणारी डॅनाइड एगफ्लायची मादीदेखील दोन्हीकडे आहे. आपल्या लाइम बटरफ्लायचा डेमोडोकस हा जवळचा नातलग तेथे लिंबावरच अंडी घालतो. अक्रिया गटातील आपल्याकडे एकटे टॉनी कोस्टर दिसते, तेथे मात्र जातींची मोजदाद करताना दमछाक होते. उलट लिप्टेना आणि त्याच्या सोयऱ्यांसारखी चिमुकली फुलपाखरे केवळ आफ्रिकेतच आहेत. त्यांच्या अळ्या झाडांच्या सालीवरील शेवाळ व दगडफूल खातात. त्यांच्यासाठी फुलांकडे पाहू नका. मुंग्यांची ये-जा असलेल्या वाळक्या काटक्या आणि वेली न्याहाळा.

दवाखान्यातून (कणकवली)

फुलपाखरांविषयी वर उत्तम लिहिले आहे. मी वैद्यकीय बाजू तेवढी सांगतो, कारण तुमच्या गटाचे वय पाहता तीच आधी पक्की करायला हवी.

घाना असो वा युगांडा, पीतज्वराच्या (यलो फीव्हरच्या) लसीचे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, आणि भारतात परतताना ते नसेल तर विलगीकरणात ठेवले जाते. ही लस सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते. परंतु ही जिवंत विषाणूची लस आहे. साठीनंतर ती पहिल्यांदाच घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका, दुर्मीळ असला तरी, वाढतो. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर ती देता येत नाही. म्हणून विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी गटातील प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांशी बोलावे. एखाद्याला लस चालणार नसेल, तर ते पैसे भरल्यानंतर कळण्यात अर्थ नाही.

मलेरिया तेथे वर्षभर असतो आणि तो मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा असतो. प्रतिबंधक गोळ्या घ्यायलाच हव्यात, मात्र कोणत्या, हे डॉक्टरांनी ठरवावे. त्यांपैकी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाला हळवी होते, आणि उघड्या वाटेवर तासन्‌तास कॅमेरा धरून उभे राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. गोळ्या परतल्यानंतरही ठरलेल्या मुदतीपर्यंत चालू ठेवाव्यात. पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर आपण आफ्रिकेत जाऊन आलो हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावे आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

आणखी एक बारीक गोष्ट. धुतलेले कपडे बाहेर दोरीवर वाळत घालण्याची आपली सवय तेथे त्रासाची ठरू शकते. टुंबू नावाची माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते, आणि त्यातून निघालेल्या अळ्या कातडीत शिरून गळवे करतात. कपडे खोलीतच वाळवावेत किंवा आतून-बाहेरून कडक इस्त्री करूनच घालावेत. अंतर्वस्त्रांनाही यातून सूट नाही.

रानवाट (गुहागर)

युगांडाच्या बाजूनेही कोणी बोलायला हवे. आमच्या घरातील मंडळी तिकडे जाऊन आली आहेत. युगांडात फुलपाखरांच्या बाराशेहून अधिक जातींची नोंद आहे, कारण तेथे मध्य आफ्रिकेतील सखल वर्षावनांचा पूर्व काठ, डोंगरी जंगले आणि माळराने जवळजवळ आली आहेत. बुडोंगो वनातील रॉयल माइल नावाची रुंद, सपाट, दोन्ही बाजूंना उंच झाडे असलेली वाट वयस्कर माणसांना अतिशय सोयीची आहे. किबाले वनाला लागून असलेली बिगोडी ही पाणथळ जागा गावकरीच सांभाळतात, आणि तेथे भरलेले शुल्क गावाच्या उपयोगी पडते. हवा घानापेक्षा सौम्य असते, कारण बहुतेक ठिकाणे हजार मीटरहून उंच आहेत. गटातील कोणाला चिंपांझीही पाहायचे असतील तर किबालेसारखी जागा नाही. फक्त दोन वनांमधील प्रवास गाडीने लांबचा असतो, आणि पाऊस मार्च ते मे व सप्टेंबर ते नोव्हेंबर असा असल्यामुळे जून-जुलै किंवा डिसेंबरची अखेर धरावी लागते.

कातळसडा (देवरूख)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांचा सल्ला आजच गटाला वाचून दाखवला आणि आधी तपासण्या करून घेण्याचे ठरले. चिंपांझींचा मोह आम्हाला नाही, आणि लांबचा गाडीप्रवास टाळायचा आहे; म्हणून बोबिरीला एकच मुक्काम करून मध्ये फक्त ककूमला जाऊन यावे, असा विचार पक्का होत आहे.

एक शंका उरते. आमच्याकडे काजूची बोंडे पडून आंबू लागली की त्यांवर बॅरन आणि नवाब ही फुलपाखरे येतात, आणि कुजक्या खेकड्यावर ब्लॅक राजा हे फुलपाखरू हमखास उतरते. तेथे असे आमिष मांडलेले चालते का? सोबत थोडी सुकट न्यावी का?

तिळारीकाठ (दोडामार्ग)

सर, सुकट नेऊ नका. खाद्यपदार्थ व प्राणिजन्य वस्तू विमानतळावर अडवल्या जाऊ शकतात, आणि तिची गरजही नाही. कुमासीच्या बाजारात सुकवलेली व धुरावलेली मासळी मुबलक मिळते. ती पाण्यात भिजवून दोन दिवस ठेवली की ब्लॅक राजाचे आफ्रिकी भाऊबंद, म्हणजे चॅरॅक्सिस गटातील नर, त्या वासावर शेंड्यांवरून खाली येतात. पिकलेली केळी आणि अननस कुस्करून, त्यात थोडी ताडी घालून आंबवले तर युफेड्राही येतात. असे आमिष वाटेच्या मधोमध न ठेवता कडेला, सकाळी नऊच्या सुमारास ऊन पोहोचेल अशा ओंडक्यावर ठेवावे आणि दहा पावलांवर उभे राहावे. तीन मीटरच्या आत स्पष्ट दाखवणारी दुर्बीण तेव्हा कॅमेऱ्याहून अधिक उपयोगी पडते.

मात्र हे सारे वाटाड्याला विचारूनच करा. केवळ पाहण्यासाठी व छायाचित्रांसाठी येत आहोत, जाळी आणणार नाही, हे संस्थेला निघण्यापूर्वीच लेखी कळवा. पकडण्यासाठी आणि नमुने बाहेर नेण्यासाठी वेगळी परवानगी लागते. वाटेवर पडलेला सुटा पंखदेखील शाळेतल्या मुलांना दाखवण्यासाठी म्हणून खिशात घालू नका. छायाचित्र काढा आणि पंख तेथेच राहू द्या. बोबिरीचे विश्रामगृह लहान आहे, त्यामुळे नोव्हेंबरसाठी खोल्यांची चौकशी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच करा, आणि तपासण्यांचे निकाल हाती आल्यावरच पैसे भरा.