रीमास्टर आणि रीमिक्स एक नव्हे

जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्यांबद्दल (रीइश्यू) 'नुसता आवाज वाढवून जुनाच माल पुन्हा विकतात' असं कुणीतरी लिहिलंय, ते बऱ्याच रीइश्यूंना लागू पडतं. पण बीटल्स या बँडच्या 'सार्जंट पेपर' या १९६७ च्या अल्बमला सरसकट नाही. २००९ चं रीमास्टर होतं, म्हणजे तयार मिक्स (सुटे आवाज आणि वाद्यं एकत्र जुळवलेलं ध्वनिमुद्रण) साफ करून दिलेलं. २०१७ ला निर्माता जाइल्स मार्टिननं मूळ टेपांवरून पुन्हा मिक्स केलं, म्हणजे रीमिक्स, आणि तेही १९६७ चं मोनो मिक्स (सगळा आवाज एकाच वाहिनीत) समोर ठेवून. कारण बँडनं स्वतः बसून करून घेतलं होतं ते मोनो. स्टिरिओ (डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांचं) नंतर, त्यांच्या गैरहजेरीत, घाईघाईत उरकलेलं.

मी वर्षानुवर्षं स्टिरिओवरच वाढलो. नव्या आवृत्तीत 'शीज लीव्हिंग होम' लागलं तेव्हा वाटलं, यांनी गाण्याचा वेग वाढवलाय की काय! मग मोनो काढून ऐकलं. तिथेही तोच वेग, सूरही तसाच चढा. म्हणजे इतकी वर्षं मीच संथ गाणं ऐकत होतो. आता ते रडकं वाटत नाही, हार्प हे तंतुवाद्यही मोकळं ऐकू येतं. तरी खरं सांगू? कधीकधी ती जुनी रेंगाळणारी चालच आठवते.